उसने रबर

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या परतवाड्याच्या गल्ल्यांतून एकच आवाज ऐकू येतो, तो खरवडण्याचा. कुठे भिंतीचे पोपडे निघत असतात, कुठे चुलीमागची काजळी, कुठे फडताळाच्या कप्प्याला वर्षभर चिकटलेला तेलकट थर. घरातल्या जाणत्या बाईला विचारा, ती सांगेल की हे काम स्वच्छतेपुरते नसते. कपाट सरकवले म्हणजे मागची ओल दिसते. पोपडा काढला म्हणजे आतली वीट किती पोखरली आहे ते कळते. दिवाळीची साफसफाई ही घराची तपासणीच असते. फक्त तिला तसे नाव नाही एवढेच.

दिवाळी अंकासाठी या सदराचा मजकूर मागवला गेला, तेव्हा यंदा खरवडण्यावरच लिहावे असे मी ठरवले. मात्र भिंत सोडून मोटारीच्या टायरवर. आपल्यापैकी बऱ्याच जणांना नवल वाटेल. टायर झिजतो हे ठाऊक आहे, टायर फुटतो हे तर फारच ठाऊक आहे. पण टायर खरवडतात कुठे? खरवडतात, वाचकहो. आणि का खरवडतात हे एकदा समजले की आपल्या दारात उभ्या असलेल्या साध्या गाडीकडेही आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो.

मी पोटापाण्यासाठी आयुष्यभर टायरांचाच धंदा केला. परतवाडा ही त्या धंद्याला बरी जागा. मेळघाटातून सागवान घेऊन लाकूड डेपोत उतरणारे ट्रक, संत्र्यांनी भरून दूरच्या बाजारपेठांना निघणाऱ्या गाड्या, घाट चढणाऱ्या एसटीच्या बसगाड्या, आणि लोखंडी धाव टाकून रबरी चाकांवर आलेल्या बैलगाड्या, सगळ्यांचे पाय या ना त्या दिवशी आमच्या दुकानासमोर टेकतात. खिळे, दगड, काचा, बाभळीचे काटे, टायरातून काय काय काढले याची यादी करू गेलो तर हा अंक पुरायचा नाही. पण टायरला दुसऱ्या टायरचेच रबर चिकटून आलेले मी पहिल्यांदा हाताळले ते गेल्या दिवाळीत.

माझी एक भाची बंगळूरला नोकरी करते. तिला मोटार पळवण्याचा नाद आहे. कोईमतूरजवळ करी मोटर स्पीडवे नावाचा शर्यतीचा ट्रॅक 2003 पासून आहे. साधारण दोन किलोमीटरचा वळणावळणाचा फेरा. अशा ट्रॅकवर शर्यती नसतात त्या काही दिवशी पैसे भरून कोणालाही आपली गाडी नेता येते. त्याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. समोरून वाहन नाही, गाय नाही, गतिरोधक नाही. गाडी आणि आपण यांच्यात काय दम आहे तो पाहून घ्यायचा. सडकेवर वेडेपणा करण्यापेक्षा हे शतपटीने बरे, असे माझे मत आहे, आणि तिच्या आईला मी ते वारंवार सांगत असतो.

तर ही भाची बंगळूरहून गाडी चालवत दिवाळीला घरी आली. गाडीला रोजची चाके होती, आणि मागची बैठक पाडून तिथे ताडपत्रीत गुंडाळलेली आणखी चार चाके. ट्रॅकवर वापरायची वेगळी. ती तिने दुकानासमोर उतरवली मात्र, आमचा कारागीर पोऱ्या पुढे येऊन वाकून बघू लागला.

“काका,” तो म्हणाला, “हा टायर व्हय का मोहोयाचं पोयं?”

उपमा चुकीची नव्हती. टायरच्या तोंडावर, विशेषतः दोन्ही कडांना, काळ्या रबराचे गोळे, शेवया, पापुद्रे असे काही एकावर एक चिकटले होते की खालचा टायर दिसेना. नक्षीच्या खाचा जागोजाग बुजून गेल्या होत्या.

“मामा, एवढं साफ करून द्या ना,” भाची म्हणाली. “भाऊबीजेला आजीला आणि सगळ्यांना घेऊन चिखलदऱ्याला जायचंय. याच चाकांवर जाऊ. घाटात यांची पकड कशी असते ते दादाला दाखवायचंय.”

“पोरी, हे जे वर दिसतंय ते रबर तुझं नाही,” मी म्हटले.

“म्हणजे?”

“दुसऱ्यांच्या गाड्यांचं आहे. उसनं.”

तिला ते अर्थातच ठाऊक होते. ट्रॅकवरच्या मंडळींत याला ‘पिकअप’ म्हणतात. पण आमच्या पोऱ्याला ठाऊक नव्हते, आणि बहुधा आपल्यालाही नसेल. म्हणून आधी ते सांगतो.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर धावते तेव्हा रुळावर फारसे काही मागे राहत नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी आमची शकुंतला 1913 पासून शंभरावर वर्षे धावली आणि मग बंद पडली; तिच्या रुळांवर आता गवत आहे, पण चाकांचे लोखंड काही तिथे साचलेले नाही. रबराचा स्वभाव निराळा. रबर मऊ असते, रस्त्याच्या खडीच्या कणाकणात ते दबून शिरते आणि क्षणभर त्याला चिकटते. यालाच आपण पकड म्हणतो. दर वेळी सुटताना ते स्वतःचा थोडासा अंश तिथे ठेवून येते. साध्या मोटारीचा एक टायर आपल्या उभ्या आयुष्यात किलो-दीड किलो रबर असे रस्त्यावर वाटून टाकतो. पकड हवी तर झीज आलीच. ब्रेक दाबताना गाडी थांबते ती या देण्याघेण्यावर.

ट्रॅकवर हेच काम शतपटीने होते. तिथल्या टायरचे रबर मुद्दाम मऊ केलेले असते आणि ते 80 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास तापले म्हणजेच पुरते कामाला येते. तापलेल्या टायरवर वळणात गाडीचा सगळा भार पडला की त्याच्या अंगातून रबराच्या बारीक गुंडाळ्या सुटतात. त्या गाड्यांच्या वाऱ्याने वळणाच्या बाहेरच्या अंगाला जाऊन साचतात. शर्यतवाले त्यांना मार्बल्स, म्हणजे गोट्या म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. त्यांच्यावर चाक गेले तर गोट्यांवर पाय पडल्यासारखीच गत होते. शर्यतीत सगळ्या गाड्या ज्या एका वाटेने जातात ती वाट मात्र रबराचा लेप बसून काळी व घट्ट होते, आणि कोरड्या दिवशी तिथे पकड सर्वांत चांगली मिळते.

आता गंमत पाहा. फेरे संपले, गाडी हळू केली, दुसऱ्याला वाट देण्यासाठी कडेला घेतली, की तापून चिकट झालेला टायर नेमका त्या गोट्यांवरून जातो आणि त्या उचलतो. पुरणाचा हात पिठात बुडवावा तसे. वेग कमी असल्यामुळे त्या झडूनही जात नाहीत. मग टायर थंड होतो आणि ते सारे त्याच्या अंगावर तसेच राहून जाते.

मोठ्या शर्यतीत या उसन्या रबराचा उपयोगही करून घेतात. 2011, 2012 आणि 2013 अशी तीन वर्षे दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर फॉर्म्युला वनची भारतीय ग्रां प्री झाली. तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. आमच्याकडे त्या दिवशी दुकानातला दूरदर्शन संच चालू होता आणि गिऱ्हाईके पंक्चर विसरून उभी होती. शर्यत संपल्यावरही गाड्या कडेकडेने, काळ्या कचऱ्यातून मुद्दाम जात होत्या. कारण असे की शर्यतीनंतर गाडीचे वजन होते आणि ते ठरलेल्या किमान वजनाखाली भरले तर कमाई मातीत जाते. म्हणून टायरला जेवढे रबर चिकटेल तेवढे बरे! परंतु हे फक्त काट्यावर चढण्यापुरते. त्याच रबरासकट पुन्हा वेगात जा म्हटले तर तो चालक हात जोडेल. चाक असमतोल होऊन गाडी थरथरते, टायर सपाट टेकत नाही, आणि पकड ऐनवेळी हात देते की नाही याचा भरवसा राहत नाही.

हे सर्व ऐकून आमच्या पोऱ्याने एक सवाल टाकला, आणि मला तो फार आवडला. “काका, रबर त फुकटच भेटलं न. मंग काढाचं कायले? रिमोल्ड झाल्यावानीच झालं.”

पुष्कळ शहाण्या माणसांनाही असेच वाटेल. झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून आपण तो पुन्हा वापरतोच की. पण चिकटणे निराळे आणि जुळणे निराळे. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने 1839 साली कच्च्या रबरात गंधक घालून ते तापवले आणि टिकाऊ रबर हाती लागले. असे एकदा गंधकाने पक्के झालेले रबर पुन्हा वितळत नाही. पोळी भाजल्यावर तिची पुन्हा कणीक होत नाही तसे. रिमोल्ड करताना आम्ही जुन्या टायरचे अंग घासून खडबडीत करतो, मध्ये कच्च्या रबराचा थर देतो, वर नवी नक्षी ठेवतो आणि उष्णता व दाब देऊन तासन् तास शिजवतो. तेव्हा कुठे ते एकजीव होते. ट्रॅकवर उचललेले रबर मात्र आधीच शिजलेले असते. ते नुसते वर बसते. दोन भाजलेल्या पोळ्या एकमेकींवर ठेवल्या तर जेवढ्या जुळतील तेवढेच ते जुळते. ते भर घालत नाही, आधार देत नाही, फक्त झाकते.

तेव्हा काढायचे ठरले. ते कसे काढावे हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण यात चुकीचे उपायच जास्त प्रचारात आहेत.

पहिली गोष्ट, चिकटलेले थोडे असेल तर हात लावू नये. टायर सडकेवर चालवण्याजोगा असेल तर काही किलोमीटरच्या साध्या प्रवासात ते आपोआप घासून निघून जाते. ट्रॅकवर असताना हीच युक्ती वेगळ्या तऱ्हेने करतात: कचऱ्यात न जाता घट्ट वाटेवर राहून एक-दोन फेरे दमदार मारले की टायर तापून स्वतःच स्वच्छ होतो. शेवटच्या फेऱ्यात वेग कमी केल्यावरही शक्य तोवर कचरा चुकवून यावे.

दुसरी गोष्ट, थर जाड असेल तर गरम हवा आणि पुट्टी मारायची रुंद पट्टी, एवढीच हत्यारे पुरेत. गरम हवेची बंदूक एका जागी न रोखता टायरवरून फिरवत राहावी. वरचे रबर मऊ झाले की पट्टी जवळजवळ आडवी धरून टायरच्या गोलाईने ढकलावी. चिकटलेला गोळा सालीसारखा सुटतो. पट्टी उभी धरली की ती खालच्या टायरात रुतते आणि उसन्याबरोबर घरचेही जाते. काम उघड्यावर करावे, हातमोजे आणि चष्मा घालावा, कारण धूर व वास दोन्ही वाईट. चार चाकांना एक सकाळ जाते. घाई करू नये.

तिसरी गोष्ट, काय करू नये. आगीची ज्योत लावू नये. वरचे रबर मऊ व्हायच्या आधी आतले अंग भाजून निघते, आणि ते बाहेरून कळत नाही. रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांनी पुसू नये. टायर काळाभोर चकचकीत दिसावा म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण डिझेलचा बोळा फिरवतात. रबर ते तेल पिते, फुगते आणि कमजोर होते. आणि घासण्याचे यंत्र तर लावूच नये, कारण यंत्राला आपले-परके कळत नाही.

नरकचतुर्दशीच्या दिवशी फराळ आटोपून आम्ही कामाला बसलो. पोऱ्या गरम हवा मारी, मी पट्टी चालवी, आणि भाची निघालेले तुकडे एका टोपल्यात गोळा करी. मागची दोन चाके बरी निघाली. खालून स्वच्छ, सारखी झिजलेली नक्षी. पुढचे उजवे चाकही ठीक. पुढच्या डाव्या चाकाला हात घातला. त्याच्या बाहेरच्या कडेवर थर सगळ्यांत जाड होता. बोटभर रुंदीचा पट्टाच म्हणा ना. तो एका अंगाने सुटला आणि अखंड लांब निघून आला. पोऱ्या खूश झाला.

त्याच्याखाली टायरची कड पार उतरली होती. हात फिरवला तर बोटाला काहीतरी खरखरले. पाणी मारून, फडक्याने पुसून पाहिले. रबर संपून आतल्या नायलॉनच्या विणीचे दोरे वर आले होते. तीन-चार बोटांच्या लांबीत.

भाची बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मामा, मी घरी निघायच्या आधी चारही टायर बघितले होते. खाचा अजून खोल होत्या.”

तिचे खोटे नव्हते. मधल्या खाचा खरोखरच शिल्लक होत्या. पण ट्रॅकवर टायर मधोमध झिजत नाही. वळणात गाडी बाहेरच्या अंगाला कलंडते आणि सगळा भार पुढच्या बाहेरच्या चाकाच्या कडेवर येतो. ज्या ट्रॅकवर उजवी वळणे जास्त, तिथे डावे चाक आधी संपते. त्यात हवा कमी असली तर कड आणखी दुमडते. आणि जिथे टायर सर्वांत जास्त तापून झिजला होता, नेमके तिथेच तो सर्वांत जास्त चिकट झाला होता, आणि नेमके तिथेच लोकांचे रबर सर्वांत जास्त बसले होते. म्हणजे जी जागा दिसायला हवी होती तीच सर्वांत भरगच्च दिसत होती.

मला या सगळ्यात सांगायचे आहे ते एवढेच. टायरवरचे उसने रबर काढायचे ते गाडी थरथरते म्हणून, टायर वाईट दिसतो म्हणून, ही कारणे दुय्यम आहेत. ते काढायचे ते खालचे पाहण्यासाठी. खरवडून झाल्यावर ज्याने हात धुतले आणि चाक उचलून गाडीला लावले, त्याने अर्धेच काम केले. खरे काम तिथून पुढे सुरू होते: कडेवरून सगळीकडे तळहात फिरवणे, फुगवटा आहे का पाहणे, दोरा किंवा तार वर आली आहे का पाहणे, खाचांची खोली मोजणे.

आता त्या टायरवर चिखलदऱ्याला गेलो असतो तर काय झाले असते? कदाचित काहीच नाही. भीती दाखवणे हा माझा धंदा नाही. पण घाट आपल्यापैकी ज्यांना ठाऊक आहे त्यांनी विचार करावा. धामणगाव गढी मागे पडली की रस्ता चढू लागतो. चिखलदरा 1100 मीटरहून उंच आहे, आणि जेवढे चढलो तेवढे संध्याकाळी उतरायचे असते. उतारावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, वळणात तो पुन्हा एका चाकाच्या कडेवर येतो, आणि गाडीत आजीसकट पाच माणसे. शिवाय कार्तिकातली हवा. ट्रॅकचे टायर तापल्यावाचून धरत नाहीत, आणि घाटात साध्या वेगाने जाताना ते कधीच पुरेसे तापत नाहीत. ज्या पकडीचे कौतुक दादाला दाखवायचे होते, ती पकड तिथे भेटलीच नसती. दव पडलेल्या सडकेवर तर त्या थोडक्या खाचांतून पाणीही नीट निघाले नसते.

आणखी एक धोका होता, आणि तो डोळ्यांना दिसणारा नव्हता. मी हवा मोजली. चारही चाकांत ती जेवढी हवी त्याहून बरीच कमी. याचेही कारण साधे आहे. थंड टायरात 32 पौंड हवा भरली तर ट्रॅकवर तापून ती 38-40 पौंडांपर्यंत चढते. मग चालक मंडळी तिथल्या तिथे थोडी हवा सोडून देतात, म्हणजे तापलेला टायर ठीक टेकतो. ते तिथे बरोबरच असते. पण टायर थंड झाला की दाब उतरतो, आणि आदल्या दिवशी सोडलेली हवा काही परत येत नाही. अशा कमी हवेच्या टायरवर लांबचा प्रवास केला की त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडतात, आतून तापतात आणि शेवटी सोडून देतात. ट्रॅकवरून घरी निघणाऱ्याने सगळ्यात आधी थंड टायरात हवा भरावी, मग बाकीचे.

“मग हे चारही फेकायचे?” भाचीने विचारले.

“एक फेकायचा. तीन ठेव, पण ट्रॅकसाठी ठेव. आणि चिखलदऱ्याला तू ज्या चाकांवर बंगळूरहून आलीस त्याच चाकांवर जाऊ. त्यांची तपासणीही आत्ताच करतो.”

“तुमी म्हणाल तसं,” ती म्हणाली, आणि कापायची पाती स्वतः घेऊन तिने त्या डाव्या टायरची बाजू चिरून टाकली, कोणी उचलून पुन्हा कुठल्या गाडीला चढवू नये म्हणून. ही सवय फार चांगली आहे. टाकाऊ टायर आपल्याकडे क्वचितच टाकला जातो; तो कुठल्या तरी बैलगाडीला किंवा मळणीयंत्राला जाऊन बसतो, आणि कधी कधी पुन्हा मोटारीलाही.

आपण म्हणाल, आमचा शर्यतीशी काय संबंध? आमची गाडी फार तर अमरावतीपर्यंत जाते. संबंध आहे. रबर रस्त्यावर उतरणे आणि साचणे हे काही ट्रॅकचेच वैशिष्ट्य नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईचे प्रवासी विमान सुरू झाले, हे आपण सर्वांनी कौतुकाने पाहिले. विमान उतरताना चाकांखालून जो निळसर धूर निघतो तो रबराचाच. न फिरणारे चाक जमिनीला टेकताक्षणी एकदम प्रचंड वेगाने फिरू लागते आणि धावपट्टीवर रबराचा पट्टा ओढते. मोठ्या विमानतळांवर असे थरावर थर बसतात. कोरड्यात ते खपून जाते, पण पाऊस पडला की तोच भाग निसरडा होतो. म्हणून जोरदार दाबाच्या पाण्याने धावपट्टी वेळोवेळी धुवून काढतात. शर्यतीतही तेच. कोरड्या दिवशी जी काळी वाट सर्वांत घट्ट, पावसात तीच सर्वांत बेभरवशाची. जाणते चालक तेव्हा ती सोडून बाहेरून जातात. पहिल्या पावसात आपल्या सडकेवर दुचाकी का घसरतात, त्याचेही एक कारण हेच: उन्हाळाभर साचलेले तेल, धूळ आणि रबर पाण्याशी मिसळून सारवण तयार होते.

आणि लांबच्या वेगवान रस्त्यांचा अनुभव तर आपल्या वऱ्हाडाला आता घरबसल्या आला आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, 701 किलोमीटरचा, 2022 च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंत खुला झाला आणि 2025 च्या जूनमध्ये पूर्ण झाला. सिमेंटचा रस्ता, वऱ्हाडचे ऊन, आणि तासन् तास एकाच वेगाने धावणारे चाक. गावात चार वर्षे काढलेला टायर तिथे चार तासांत आपले खरे रूप दाखवतो. म्हणूनच 2023 मध्ये या मार्गावर प्रवेशापाशी टायर तपासण्याची मोहीम निघाली. त्याच वर्षी 1 जुलैच्या पहाटेआधी सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात 25 प्रवासी गेले. टायर फुटला असे प्रथम सांगितले गेले. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत मात्र तशी खूण मिळाली नाही. त्या दुर्घटनेचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. पण ‘टायर फुटला’ हे दोन शब्द आपण किती सहज उच्चारतो हे मी धंद्यात रोज पाहतो. टायर फुटतो तेव्हा बहुतेक वेळा तो कितीतरी दिवस आधीपासून सांगत असतो. ऐकणाऱ्याने चाकापाशी वाकलेले नसते.

म्हणून यंदा पाडव्याला गाडीला हार घालाल तेव्हा हार घालण्याआधी दोन मिनिटे चाकापाशी उकिडवे बसा. चिखल, डांबर, शेण, जे चिकटले असेल ते पाण्याने आणि ब्रशने धुऊन काढा. खाचांच्या तळाशी लहान लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर उरली, टायर बदलायचा. बाजूवर कोरलेल्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. नक्षी कितीही ताजी दिसो, वयही पाहा. दोन्ही कडांवरून तळहात फिरवा; आतल्या कडेवरूनसुद्धा, जी बाहेरून कधीच दिसत नाही. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी, थंड टायरात हवा मोजून भरा. आणि स्टेपनी विसरू नका. वर्षभर तिच्याकडे कोणी पाहिलेले नसते.

एवढे झाले की मग खुशाल हार घाला, कुंकू लावा आणि मंडळींना घेऊन चिखलदऱ्याला जा. भीमकुंडावर थांबा, गाविलगडाच्या तटावरून सातपुडा पाहा. उतरताना मात्र गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा.